नऊ घरची गोधडी

जव्हारला मी ज्या वर्गात मुलींना शिवण शिकवते, तिथे कापड आधीच कापलेलं येतं. कपड्यांच्या कारखान्यात उरलेल्या कापडाचे एकाच मापाचे चौकोन करून, रंगांप्रमाणे लावून, पिशव्यांत भरून पाठवतात. मुली त्यांना वड्या म्हणतात. ‘मॅडम, आज कोणत्या वड्या काढू?’ असं विचारतात आणि आपसात हसतात. त्या वड्यांपासून आम्ही गोधड्यांचे ब्लॉक शिवतो. नऊ चौकोनांचा नाईन पॅच, टोकाला टोक जुळवून केलेली चांदणी, मधल्या लाल चौकोनाभोवती पट्ट्या लावत नेलेलं लॉग केबिन. हे सगळं मला वसतिगृहात असताना एका बाईंनी शिकवलं. त्या रविवारी स्वतःच्या घरचं मशीन घेऊन यायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पुरी केली नव्हती. मी बी.ए. झाले ते त्या बाईंमुळे, आश्रमशाळेमुळे आणि गवताचे भारे विकून माझ्या पुस्तकांची सोय करणाऱ्या आईमुळे, हे मी कुठेही सांगते.

आई एकदा माझा वर्ग बघायला आली होती. तिने एक पिशवी उचलली, आतल्या वड्या प्लास्टिकवरूनच चाचपल्या आणि विचारलं, “ही कोणाची?”

“कोणाची नाय आये. नवीन हाय.”

“कोणाची नाय तर ऊब कशी धरल?”

मुली हसल्या, आईही हसली. पण तिने ते गमतीने विचारलं नव्हतं. सूर्यमाळच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथे गोधडी म्हणजे कुणाच्या तरी अंगावर झिजलेलं कापड. पांघरताना म्हातारी माणसं बोट ठेवून सांगतात, हे तुझ्या आजोबाचं धोतर, हे आत्याचं लुगडं. घरी आम्ही आमची बोली बोलतो. इथे लिहिताना मी ती थोडी सरळ करून लिहिते आहे, म्हणजे सगळ्यांना कळेल.

पावसाळा सरत आला होता आणि भात पोटरीत आलं होतं, तेव्हा माझ्या वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. भाऊ वसईला बांधकामावर गेला होता. आईने आणि पाड्यावरच्या आरोग्यसेविका आशाताईने वहिनीला गाडीत घालून जव्हारच्या दवाखान्यात आणलं. मुलगी झाली. ती इतकी लहान होती की मी आधी तिच्याकडे बघितलंच नाही, तिच्यावरच्या दिव्याकडे बघत राहिले. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला नळी लावली. नर्सबाई म्हणाल्या, “आईने दूध काढून द्यायचं. बाकी तुम्ही बाहेर बसा.”

बाहेर बसा, एवढंच आमच्याकडे काम होतं.

वहिनीची याआधी दोन बाळं गेली होती. एक पोटातच, एक जन्मल्यावर लगेच. त्यामुळे ती या मुलीबद्दल काहीच बोलत नव्हती. वॉर्डात बाळांच्या आयांसाठी असलेल्या खोलीत बसून वाटीत दूध काढायची, ते आत द्यायची, परत येऊन भिंतीला टेकायची. मी डॉक्टरांना विचारून यायचे आणि तिला आमच्या बोलीत सांगायचे. वजन, श्वास, जंतू. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, “ताई, तू शाळेतल्यावानी सांगतेस. मना एकच सांग, र्‍हाल काय ती?”

मी म्हणाले, “डॉक्टर प्रयत्न करतायत.” ते खरंच करत होते. रात्रपाळीच्या नर्सबाई तर स्वतःच्या मुलीसारखं तिला बघायच्या. तरी वहिनीच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आईने मात्र दुसरंच काम काढलं. एका सकाळी ती मला म्हणाली, “मी मागाय जाते.”

ज्या बाईची मुलं टिकत नाहीत, तिच्या बाळासाठी मागून आणलेल्या कापडाची गोधडी करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तुकडा मागायचा तो अशा आईकडे, जिचं एकही मूल गेलेलं नाही. तिच्या मुलाने अंगावर घातलेल्या कपड्याचा तुकडा तिने स्वतःच्या हाताने कापून द्यायचा. आणि एकदा तिने दिला की आपण त्याला कात्री लावायची नाही. जेवढा दिला तेवढाच, जसा दिला तसाच शिवायचा. कापणं हे तिचं, शिवणं हे आपलं.

मी आईला अडवलं नाही. खरं तर मला बरं वाटलं. निदान कोणाकडे तरी करण्यासारखं काही होतं.

आई पाड्यापाड्यांवर चालत फिरली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त फिरावं लागलं. परत आली तेव्हा पायाला फोड होते. “घरं सगळी माहितीची,” ती म्हणाली, “पण दारात जाऊन उभी र्‍हाली नि आठवायचं, अरे, हिचा पण एक गेला. मग काय मागायचं? पाणी मागून पियाची नि पुढं.” शेवटी तिला नऊ घरं मिळाली. तिने पदराची गाठ सोडून नऊ तुकडे माझ्या खोलीतल्या चटईवर ठेवले.

कापलेलं कापड माझ्यासमोर आलं आणि त्यातले कुठलेच दोन तुकडे सारखे नव्हते, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. एक लांबट, एक त्रिकोणी, एक अंगठ्याएवढा. काही कोयत्याने कापल्यासारखे. वर्गात मी मुलींना सांगते, माप चुकलं तर आधी कात्री घ्या. इथे कात्री नव्हती. पण दुमडायला कोणी मनाई केली नव्हती. मी मोठ्या तुकड्यांच्या कडा आत दुमडल्या, खाली सगळीकडे आईचं जुनं लुगडं घातलं, छोट्या तुकड्यांना त्याचाच आधार दिला, आणि एकेक चौकोन जुळवत नाईन पॅच मांडला. आईने बघितलं. मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “ही बेंबी. इथं चांगला लाव.”

चांगला म्हणजे लाल चौकटीच्या शर्टाचा. तुकडा घट्ट विणीचा होता आणि मापात सर्वांत सरळ कापलेला. तो माझ्या मैत्रिणीने दिला होता. आम्ही आश्रमशाळेत एका बाकावर होतो. तिचं गणित माझ्याहून चांगलं होतं, पण नववीत तिचं लग्न झालं. तिला एकच मुलगा, तीन वर्षांचा, दांडगा. आई सांगत होती की तुकडा मागितल्याबरोबर मैत्रिणीने मुलाच्या अंगातला शर्ट काढला आणि पाठीकडचा तुकडा कापून दिला. उघडा मुलगा रडायला लागला, तर म्हणाली, “रडू नको, तुला बहीण झालीय.”

वर्ग संपला की मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून धावदोरा घालायचे. आत बाहेरचं कापड चालत नव्हतं. नर्सबाईंनी समजावून सांगितलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. गोधडी बाळ बाहेर येईल त्या दिवसासाठी होती. वहिनी दूध देऊन आली की माझ्याजवळ बसायची. आधी नुसती बघायची. मग विचारायला लागली, “हा कुणाचा?” आई सांगायची. कुठल्या पाड्याचा, मुलगा किती चालतो, काय खातो, कोणाला चावतो. वहिनी ते सगळं नीट ऐकायची. डॉक्टरांचं बोलणं तिने कधी असं ऐकलं नव्हतं. मधल्या लाल तुकड्यावर तळवा ठेवून एकदा ती थोडी हसली. “दांडगा हाय ना तो?”

“तो? बकरीला शिंगाला धरून वढतो,” आई म्हणाली.

“हीपण वढल.” बाळाबद्दल ती पुढचं असं बोलली, ते पहिल्यांदाच.

गोधडी जवळजवळ झाली होती, तेव्हा माझी मैत्रीण जव्हारला आली. दुपारची वेळ होती. मी खोलीत होते, आई भाकरी करत होती. मैत्रीण दारात उभी राहिली. खांद्यावर मुलगा, टॉवेलात गुंडाळलेला. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि दात वाजत होते. मी हात लावला तर चटका बसला.

“कधीपासून आहे?”

“परवापासून. येतो नि जातो. थंडी भरते, मग तापतो.”

“चल, आधी दवाखान्यात. जवळच आहे.” मी चप्पल घातली.

ती हलली नाही. “आधी तुकडा दे.”

मला कळलंच नाही. आईला कळलं. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून ती उठून उभी राहिली.

मैत्रीण खाली बघून भराभर बोलली. तिची सासू म्हणत होती की तू मुलाच्या अंगातला शर्ट कापून दिलास, त्याच्या पाठीचं बळ कापून दिलंस. जुना, सोडलेला कपडा द्यायचा असतो. अंगातला काढून कोण देतं? “मना नाय सुचलं तेव्हा. मना वाटलं, ताजा दिला तर तिच्या पोरीला जास्त लागल.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू म्हणशील काय अडाणी हाय. म्हण. पण तुकडा दे, तवर मी त्याला सुई टोचू देणार नाय. बळ नाय तर सुई काय करल?”

“अगं, हा मलेरिया असेल. या दिवसांत असतो. रक्त तपासतील, गोळ्या देतील. आधी चल, तुकड्याचं आपण मागून बघू.”

“मागून तू देणार नायस.”

“देईन.”

“मॅडम, तुझ्या घरचं पोर तिथं पेटीत हाय. तू कशी देशील?” ती हे रागाने म्हणाली नाही. गणित सोडवल्यासारखं म्हणाली.

मी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावला होता. “आये, तू सांग.”

“मी काय सांगू? मी मागून आणला. आता नको म्हणायला मना तोंड नाय, नि ने म्हणायला पण नाय.”

गोधडी दवाखान्याच्या व्हरांड्यातच होती, म्हणून ती निघाली; आम्ही तिघी मुलाला घेऊन तिथपर्यंत गेलो. मला वाटत होतं, दारापर्यंत पोचली की ती आत येईल. ती फाटकाशी थांबली. माणसं बाजूने जात होती, एक जीपवाला हॉर्न देत होता. मुलगा तिच्या खांद्यावर ओठ चाटत होता. पंधरा वर्षं मी शाळा-कॉलेजात काढली. त्या फाटकापाशी त्यातलं एक वाक्य मला असं सापडलं नाही, जे तिला चार पावलं पुढे नेईल. मी मलेरियाचे डास सांगितले, रक्ताचा थेंब सांगितला, वर्गातल्या एका मुलीचा भाऊ कसा बरा झाला ते सांगितलं. ती मान हलवत होती. मुली फळ्यावरचं न कळता हलवतात तशी.

शेवटी मी आत जाऊन वहिनीला बोलावून आणलं. जिन्यावर तिला सगळं सांगितलं. व्हरांड्यात मी ठेवलेली गोधडी तिने उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. वाटेत विचारलं, “उसवला तर भोक पडल ना?”

“पडेल. दुसरं काही लावता येईल.”

“काय लावशील?”

दहावं घर कुठे होतं?

फाटकाजवळ वहिनीने मुलाच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ती तिथेच पायरीवर बसली, गोधडी मांडीवर घेतली आणि मधल्या तुकड्याचा दोरा दाताने तोडला. मी सुई पुढे केली, ती तिने घेतली नाही. नखाने एकेक टाका ओढत राहिली. माझे टाके बारीक होते. बाईंनी शिकवलेले, न निसटणारे. ते निघता निघत नव्हते. मैत्रीण उभीच होती. मध्येच म्हणाली, “वयनी, माझ्यावर राग धरू नको.”

“पोराला सावलीत धर,” वहिनी म्हणाली.

तुकडा निघाला. त्याच्या कडांना माझ्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. मैत्रिणीने तो मुलाच्या शर्टात, पाठीकडून, आत सरकवला आणि एकदाची फाटकातून आत गेली. केसपेपर काढायला मी तिच्या पुढे धावले.

मलेरियाच होता. त्याला ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी तो बिस्किट मागत होता आणि थोड्याच दिवसांत त्याच्या आईच्या कडेवरून उतरून वॉर्डात पळत होता. घरी जाताना मैत्रीण आयांच्या खोलीच्या दाराशी आली, पण आत आली नाही. वहिनीने आतून हात वर केला.

आमच्या बाळाच्या छातीत जंतू पसरले होते. ते आधीपासून होते, तुकडा उसवायच्या आधीपासून. डॉक्टरांनी मला तपासणीचे कागद दाखवून सांगितलं. त्या मुलीसाठी त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं आणि नाशिकला हलवायची तयारीही केली. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता; नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. वहिनीला आमच्या बोलीत मी सांगायचं होतं, कारण शिकलेली मी होते. काय शब्द वापरले ते मला आठवत नाही. तिने विचारलं, “त्यामुळंच ना?” मी म्हणाले, नाही, वहिनी, नाही, अजिबात नाही. ती म्हणाली, “बरं.”

निरोप मिळून भाऊ वसईहून पोचायच्या आत आईने बाळाला त्याच गोधडीत घेतलं. मधल्या जागी मी काही लावलं नव्हतं. खालचं लुगडं दिसत होतं.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेले तेव्हा मुद्दाम मैत्रिणीच्या घरी गेले. ती आठवड्याच्या बाजाराला यायची बंद झाली होती. आमच्या घरावरून पाण्याला जायची वाट सोडून ती लांबच्या वाटेने जात होती, असं आई सांगत होती. पाड्यावर कोणी तिला काही बोललं नव्हतं. न बोलताच सगळ्यांनी दोन गोष्टी जोडल्या होत्या.

ती अंगणात नागली पाखडत होती. मुलगा कोंबडीच्या मागे लागला होता. मी बसले. तिने पाणी दिलं, सूप पुन्हा हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“मी तो नेला नसता, तर माझा गेला असता काय?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी त्यासाठीच आले होते. “नाही. तो गोळ्यांनी बरा झाला. आणि आमची मुलगी छातीच्या आजाराने गेली. तुझ्या तुकड्याचा त्यात काही संबंध नाही.”

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, तिला हलकं वाटेल.

“म्हणजे मी उगाच नेला,” ती म्हणाली. “मना गरज नव्हती. तिना होती, नि मी नेला.”

“तसं नाही गं. तिलाही गरज नव्हती. कापडाने काही होत नाही.”

“कशानंच?”

“कशानंच.”

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. सुई टोचून टोचून माझ्या बोटाला कायमचा घट्टा पडला आहे, तिकडे.

“मग तू कशाला शिवत होतीस?”

मला म्हणायचं होतं, वहिनीसाठी. मला म्हणायचं होतं, आईचं मन राखायला. दोन्ही खरं होतं, पण व्हरांड्यात लाल तुकड्यावर धावदोरा घालताना मीही, हिला राहू दे, असंच मागत होते, आणि ते तिच्यासमोर नाकारता येईना. ती वाट बघत होती. कोंबडी माझ्या पायातून निसटली, तिच्यामागे मुलगा धडपडत आला आणि तोल सावरायला त्याने माझ्या गुडघ्याला धरलं. त्याचा हात गरम होता, खेळून होतो तसा. त्याच्या आईने त्याला पटकन ओढून स्वतःकडे घेतलं.